सूर्याचा मार्ग आणि आज्ञांचे माधुर्य
हिब्रू स्तोत्रसंहितेतील एकोणिसाव्या स्तोत्राच्या एकात्मतेविषयी

१

हिब्रू स्तोत्रसंहितेतील १५० स्तोत्रांमध्ये एकोणिसावे स्तोत्र विस्ताराने लहानच म्हणावे लागेल. मराठी भाषांतरात त्याचे अवघे १४ श्लोक होतात. परंतु ईश्वराची सृष्टी आणि ईश्वराच्या आज्ञा हे दोन विषय त्यात असे एकमेकांशेजारी ठेवले आहेत की, त्यांचा परस्परसंबंध कोणता, हा प्रश्न अभ्यासकाला पडल्यावाचून राहात नाही. पहिल्या सहा श्लोकांत आकाश, दिवस, रात्र आणि सूर्य येतात. सातव्यापासून अकराव्यापर्यंत ईश्वरी आज्ञांची स्तुती आहे. आणि शेवटच्या तीन श्लोकांत स्वतःच्या दोषांची जाणीव झालेल्या एका माणसाची प्रार्थना आहे. सी. एस. लूइस ह्यांनी १९५८ साली स्तोत्रांवर जो चिंतनपर ग्रंथ लिहिला, त्यात त्यांनी ह्या स्तोत्राला संहितेतील सर्वश्रेष्ठ काव्याचे आणि जगातील थोर भावगीतांपैकी एकाचे स्थान दिले आहे. हा गौरव मान्य केला तरी त्याबरोबर एक जबाबदारी येते. ज्या काव्याचे दोन विषय एकत्र का आले हे सांगता येत नाही, त्याला श्रेष्ठ काव्य कोणत्या अर्थाने म्हणावयाचे?

प्रश्न केवळ रचनेचा नाही. सृष्टी पाहून मनुष्यास आनंद व्हावा, हे कोणालाही समजण्यासारखे आहे. आज्ञा ऐकून त्याला आनंद व्हावा, हे तितके सहज समजत नाही. आज्ञेचा संबंध आपण धाकाशी, फार तर कर्तव्याशी जोडतो. माधुर्याशी जोडत नाही. उलट सृष्टीकडून आपण आनंद घेतो, परंतु कसे वागावे ह्याचे मार्गदर्शन तिच्याकडून मिळेल, अशी अपेक्षा ठेवीत नाही. आनंद एकीकडे आणि मार्गदर्शन दुसरीकडे, अशी ही वाटणी आपल्या अंगवळणी पडली आहे. एकोणिसावे स्तोत्र ही वाटणी मानीत नाही. ते ती कोणत्या मार्गाने मोडून काढते, हे प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहे.

२

प्रथम पूर्वपक्ष नीट समजून घेतला पाहिजे. हेर्मान गुंकेल (१८६२–१९३२) ह्या जर्मन पंडिताने आपल्या १९२६ च्या भाष्यात ह्या स्तोत्राचे 'अ' आणि 'ब' असे दोन भाग कल्पून त्यांचा विचार स्वतंत्रपणे केला. गुंकेलपूर्वीही अनेकांना तसे वाटत होते. त्यांची कारणे तीन आहेत आणि ती वजनदार आहेत. पहिले कारण ईश्वरनामाचे. पूर्वार्धात ईश्वराचा निर्देश 'एल' ह्या सामान्यनामाने एकदाच येतो; उत्तरार्धात मात्र इस्राएलाच्या देवाचे चार अक्षरी विशेषनाम समाप्तीपर्यंत सात वेळा येते. मराठी भाषांतरातही 'देव' आणि 'परमेश्वर' ह्या दोन शब्दांमुळे हा भेद टिकून राहिला आहे. दुसरे कारण छंदाचे. हिब्रू काव्यात आघातांची गणना महत्त्वाची असते. पूर्वार्धात लांब, दोन्ही बाजू समतोल असलेल्या पंक्ती आढळतात. उत्तरार्धाच्या आरंभी तीन आणि दोन अशा विषम आघातांची, मागील बाजू आखूड असलेली पंक्ती येते. ह्या पंक्तीला कार्ल बुड्डे ह्यांनी १८८२ साली विलापगीतांच्या अभ्यासावरून 'किना', म्हणजे शोकगीताचा छंद, असे नाव दिले. तिसरे कारण विषयाचे, आणि ते उघडच आहे.

ह्या पंडिती विभागणीच्या कितीतरी आधी रसिकांनी आपली विभागणी करून टाकली होती. जोसेफ ॲडिसन ह्याने १७१२ साली 'स्पेक्टेटर' मध्ये ह्या स्तोत्रावर आधारलेले एक प्रसिद्ध गीत छापले. ते आकाश आणि ग्रहतारे ह्यांच्यापाशीच थांबते. हायडनच्या 'सृष्टी' ह्या १७९८ च्या संगीतरचनेत पहिल्या भागाचा शेवट ज्या भव्य समूहगीताने होतो, तेही ह्याच स्तोत्राच्या पूर्वार्धावर उभे आहे. अठराव्या शतकातील सुशिक्षित युरोपीयाला सृष्टीची भव्यता हवी होती. आज्ञांचे कौतुक त्याला अडचणीचे वाटत असावे. दुसऱ्या टोकाला, केवळ आज्ञांमध्ये रस असणाऱ्या उपदेशकांना पूर्वार्ध म्हणजे प्रस्तावनेचा अलंकार वाटला. विभागणी दोन्ही बाजूंनी सोयीची होती.

गुंकेलच्या कारणांना उत्तर देताना एक विवेक राखला पाहिजे. स्तोत्राचे दोन भाग मुळात दोन निरनिराळ्या काळी रचले गेले असतील, ही शक्यता नाकारण्याचे प्रयोजन नाही. परंतु उत्पत्तीचा प्रश्न आणि अर्थाचा प्रश्न हे दोन भिन्न प्रश्न होत. ज्या कोणी हे भाग एकत्र आणले, त्याने ते का आणले आणि एकत्र आल्यावर त्यांचा अर्थ काय झाला, हे विचारण्याचा समीक्षकाचा अधिकार उत्पत्तीच्या कोणत्याही उपपत्तीने जात नाही. छंद बदलतो आणि नाम बदलते, हे खरे. पण ते बदल सांधा नसल्याची खूण आहेत की सांध्याचीच, हे संहितेवरूनच ठरवावे लागेल.

३

संहितेत दोन भागांच्या मध्ये सूर्य उभा आहे, ही गोष्ट सर्वप्रथम लक्षात घेतली पाहिजे.

पूर्वार्धाचा आरंभ एका विरोधाभासाने होतो. आकाश सांगते, दिवस दिवसाला आणि रात्र रात्रीला ज्ञान कळविते, असे म्हटल्यावर कवी लगेच सांगतो की, ह्या सांगण्यात वाणी नाही, शब्द नाहीत, आवाज ऐकू येत नाही. तरीही ते पृथ्वीच्या टोकापर्यंत पोहोचते. काही भाषांतरकारांनी हा विरोध सौम्य करण्यासाठी 'जेथे त्यांचा आवाज ऐकू येत नाही अशी भाषा नाही' असा वळसा घातला आहे. मूळ हिब्रू रचनेत हा वळसा घेण्याचे कारण दिसत नाही. सृष्टी बोलते आणि तिला आवाज नाही, हे दोन्ही कवीला एकाच वेळी म्हणावयाचे आहे. ह्या मौनाचा उपयोग त्याला पुढे होणार आहे.

त्यानंतर सूर्य येतो. शेजघरातून बाहेर येणाऱ्या वराची आणि धावण्यास उत्सुक असलेल्या वीराची, अशा दोन उपमा त्याला दिल्या आहेत. ह्या उपमांचे सौंदर्य सर्वांनी वाखाणले आहे. त्यांतील आशयाकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. वीराच्या उपमेत सूर्य आनंदतो असे स्पष्ट क्रियापद आहे. त्याचा आनंद कशाचा? त्याला जो मार्ग नेमून दिला आहे, तो धावण्याचा. आकाशात त्याच्यासाठी तंबू ठोकणारा कोणी दुसराच आहे. जेथून निघावयाचे आणि जेथे पोहोचावयाचे, ती दोन्ही टोके ठरलेली आहेत. सूर्याने निवडावे असे त्यात काही नाही, आणि तरीही त्याची गती गुलामाची नाही, उत्सवाची आहे. सूर्य हा ह्या काव्यातील पहिला आज्ञाधारक होय. त्याच्या ठिकाणी नेमलेला मार्ग आणि आनंद ह्यांत अंतरच उरलेले नाही. हे ध्यानात घेतले म्हणजे पुढील श्लोकात आज्ञांचा विषय येणे हा आकस्मिक उडीचा प्रकार राहात नाही.

प्राचीन पश्चिम आशियात सूर्य आणि न्याय ह्यांचे नाते नवीन नव्हते. सूसा येथे १९०१–०२ च्या उत्खननात सापडलेला आणि आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात असलेला हम्मुराबीचा शिलास्तंभ ह्याची साक्ष देतो. स्तंभावर कायद्याची कलमे कोरली आहेत आणि माथ्यावर राजा हम्मुराबी शमाश ह्या सूर्यदेवतेपुढे उभा आहे. जो सर्व पाहतो तोच न्यायाचा देव, ही ती कल्पना. स्तोत्रकाराचा 'शेमेश' हा शब्द आणि 'शमाश' हे नाव भाषादृष्ट्या एकच आहेत. परंतु त्याने केलेला फरक निर्णायक आहे. त्याच्या काव्यात सूर्य कायदा देत नाही. तो कायदा पाळतो. बाबिलोनमध्ये जो सिंहासनावर होता, तो येथे धावपट्टीवर आला आहे.

आपल्याकडील वाचकाला येथे वैदिक 'ऋत' ह्या कल्पनेचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. सूर्याची गती, उषेचे नियमित येणे आणि मनुष्याचे सत्याचरण ही एकाच व्यवस्थेची अंगे मानणारी ती कल्पना ह्या स्तोत्राच्या पुष्कळ जवळ येते. तरी अंतर आहे आणि ते झाकू नये. ऋत ही व्यवस्था आहे. देवही तिचे रक्षक आणि पालक होत. स्तोत्रात दोन व्यवस्था एका व्यक्तीच्या दोन कृती म्हणून येतात. सृष्टी त्याच्या हातांचे काम आहे आणि आज्ञा त्याच्या तोंडच्या आहेत. म्हणूनच सामान्यनाम सोडून विशेषनाम येते. गुंकेलने ज्याला तुटलेपणाचा पुरावा मानले, तो नामबदल अर्थाच्या दृष्टीने एक पाऊल पुढे टाकणे आहे: हातांचे काम पाहून कर्ता आहे इतके कळते, त्याचे नाव तो बोलल्यावरच कळते.

४

सातव्या श्लोकापासून सहा विधाने येतात. प्रत्येकात आज्ञेचे एक नाव, त्यापुढे ईश्वराचे नाव, मग एक विशेषण आणि शेवटी तिचा परिणाम, असा क्रम आहे. मूळ हिब्रूत प्रत्येक विधान नेमके पाच शब्दांचे आहे. सहा नावे अशी: तोरा, एदुत, पिक्कुदीम, मित्स्वा, यिरआ आणि मिश्पातीम, म्हणजे शिकवण, साक्ष, आदेश, आज्ञा, भय आणि निर्णय. पहिल्या चार विधानांतील परिणाम मनुष्याशी संबंधित आहेत: जीव ताजा होतो, भोळा शहाणा होतो, हृदय आनंदते, डोळे उजळतात. पाचव्या आणि सहाव्या विधानांत मनुष्य मागे पडतो. तेथे शाश्वतता आणि सत्य एवढेच उरते. एका अर्थी विधानांची ही मालिका स्वतःच एक शिक्षण आहे. मनुष्य आपल्या लाभापासून आरंभ करतो, आणि लाभाचा उल्लेख सरल्यावरही त्याची स्तुती थांबत नाही. ह्याच मालिकेत 'भय' हा शब्द यावा, हेही विचार करण्याजोगे आहे. तो आज्ञेचा प्रकार नव्हे, आज्ञा ऐकणाऱ्याची वृत्ती होय. आनंद आणि भय एकाच यादीत बसविताना कवीला कोठेही संकोच झालेला नाही.

पूर्वार्धाशी असलेले नाते शब्दांतही दिसते. चौथ्या विधानातील 'बारा', म्हणजे स्वच्छ किंवा तेजस्वी, हे विशेषण 'गीतरत्न' ह्या ग्रंथाच्या सहाव्या अध्यायात सूर्याच्या उपमेबरोबर येते, आणि तेथे सूर्यासाठी योजलेला 'हम्मा' हा शब्द आपल्या स्तोत्राच्या सहाव्या श्लोकात उष्णतेसाठी आला आहे. डोळे उजळविण्याचे कामही सूर्याचेच. आज्ञांचे वर्णन सूर्याच्या भाषेत चालले आहे, हे हिब्रू वाचकाच्या कानाला जाणवल्याशिवाय राहिले नसेल.

मराठी वाचकाची अडचण येथेच सुरू होते. 'तोरा' ह्या शब्दासाठी प्रचलित मराठी भाषांतरात 'नियमशास्त्र' हा शब्द रूढ झाला आहे. ग्रीक भाषांतरात 'नोमोस', लॅटिनमध्ये 'लेक्स', इंग्रजीत 'लॉ' आणि मराठीत 'नियमशास्त्र' अशी ही परंपरा आहे. प्रत्येक भाषांतरकाराने मागच्याचे बोट धरले आणि प्रत्येक पायरीला शब्द अधिकाधिक कचेरीच्या दिशेने गेला. 'तोरा' ज्या धातूपासून आला असे मानतात, त्याच्या अर्थात नेम धरून टाकणे, बोटाने दिशा दाखविणे आणि शिकविणे हे सर्व येते. वाट दाखविणाऱ्याचा हात त्या शब्दात आहे. 'नियमशास्त्र' म्हणताच तो हात अदृश्य होतो आणि एक ग्रंथ पुढे येतो. ग्रंथाने जीव ताजा होतो, हे वाक्य मराठीत केवळ भाविक अतिशयोक्तीसारखे ऐकू येते.

ह्याला भाषेची असमर्थता म्हणून सोडून देता येणार नाही. मराठीत 'शासन' म्हणजे राज्यकारभार आणि 'शासन' म्हणजे शिक्षाही. आज्ञेच्या अंगी असलेला धाक आपल्या शब्दांत मुरलेला आहे, हे खरे. परंतु त्याच मराठीत 'वळण' हा शब्दही आहे. रस्त्याला वळण असते, अक्षराला वळण असते आणि मुलाला वळण लावतात. वाट, आकार आणि शिस्त हे तिन्ही अर्थ तो एकत्र वागवितो, आणि त्यात धाकापेक्षा घरपणा अधिक आहे. भाषांतरात 'तोरा' साठी 'वळण' हा शब्द घालावा, असे येथे सुचवावयाचे नाही. तो तेवढा भार पेलणार नाही. मात्र स्तोत्रकाराला कोणत्या प्रकारच्या आज्ञेविषयी बोलावयाचे आहे, हे विद्यार्थ्याला समजावून देताना 'नियम' ह्या शब्दापेक्षा 'वळण' हा शब्द अधिक उपयोगी पडेल. सूर्याच्या मार्गालाही तोच शब्द लागू पडतो.

५

आज्ञा सोन्याहून इष्ट आणि मधाहून गोड आहेत, हे दहाव्या श्लोकातील वर्णन सर्वपरिचित आहे. त्याची पहिली विशेषता अशी की, आज्ञांचे माधुर्य सांगण्यासाठी कवीला पुन्हा सृष्टीकडेच यावे लागते. सोने भूमीतले आणि मध पोळ्यातला. जो कवी आकाशाची स्तुती संपवून आज्ञांकडे वळला, त्याने सृष्टीला निरोप दिलेला नाही. तिच्याकडून तो मोजमाप उसने घेतो. तुलनेत आज्ञा सरस ठरते, परंतु मध हलका ठरत नाही. मध गोड नसता तर ही तुलना निरर्थकच झाली असती.

दुसरी विशेषता अधिक महत्त्वाची आहे. डोळे उजळणे आणि मध ह्या दोन गोष्टी हिब्रू शास्त्रात आणखी एका ठिकाणी एकत्र येतात. शमुवेलाच्या पहिल्या ग्रंथातील चौदाव्या अध्यायात शौल राजा युद्धाच्या दिवशी सैन्याला शपथ घालतो की, संध्याकाळपर्यंत जो अन्न खाईल तो शापित होय. रानात मध आढळूनही शपथेच्या धाकाने कोणी त्याला स्पर्श करीत नाही. राजपुत्र योनाथानाला ही शपथ ठाऊक नसते. तो काठीचे टोक पोळ्यात बुडवून मध चाखतो आणि त्याचे डोळे उजळतात. बापाच्या शपथेने लोकांचे नुकसान झाले, हे तो उघड बोलून दाखवितो. पुढे ह्याच शपथेपायी त्याच्या जिवावर बेतते आणि लोक त्याला सोडवितात.

स्तोत्रकाराच्या मनात ही कथा होती की नव्हती, हे सिद्ध करता येणार नाही आणि करण्याची आवश्यकताही नाही. दोन्ही उतारे एकाच परंपरेत वाचले गेले. त्यामुळे एकाचा प्रकाश दुसऱ्यावर पडतो. शौलाच्या आज्ञेत आणि सृष्टीच्या देणगीत वैर आहे. आज्ञा मधाच्या आड येते. भुकेला शिपाई मूर्च्छेच्या टोकाला जातो आणि डोळ्यांत तेज आणण्याचे काम आज्ञाभंगालाच करावे लागते. स्तोत्रातील आज्ञा हेच काम स्वतः करते. ती जीव ताजा करते, डोळे उजळते, आणि तिची चव मधाची आहे. आज्ञेची आणि सृष्टीची येथे एक परीक्षाच सांगितली आहे, असे मला वाटते. जी आज्ञा सृष्टीने दिलेल्या भल्याशी वैर धरते, ती कितीही पवित्र शपथेने घातलेली असो, शौलाची असते. आज्ञेत आनंद मानणे म्हणजे कोणाही अधिकाऱ्यापुढे मान तुकविणे, असा अर्थ ह्या स्तोत्रातून काढता येणार नाही.

इमान्युएल कांटने १७८८ च्या आपल्या ग्रंथाच्या समारोपात तारकांनी भरलेले आकाश आणि अंतरीचा नैतिक नियम ह्यांना आदराच्या दोन वस्तू म्हणून एकत्र आणले. एकोणिसाव्या स्तोत्राची आठवण त्यामुळे अनेकांना झाली आहे. पण कांटचा नियम माणसाच्या आतला आहे, आणि कर्तव्याच्या मूल्यात आवडीनिवडीला त्याने स्थान दिलेले नाही. स्तोत्रकाराचा नियम बाहेरून येतो, कोणाच्या तरी तोंडून येतो, आणि तो जिभेला गोड लागतो, हे सांगताना त्याला आपल्या नीतिमत्तेचे मोल कमी झाल्यासारखे वाटत नाही.

६

येथपर्यंतच्या विवेचनावर एक गंभीर आक्षेप घेता येईल. आज्ञांत ज्याला आनंद वाटतो, त्याला पुष्कळदा स्वतःच्या आज्ञाधारकपणातच आनंद वाटू लागतो. धर्माच्या इतिहासात ह्याची उदाहरणे कमी नाहीत, आणि लूइस ह्यांनाही स्तोत्रांतील आज्ञाप्रेमाचा विचार करताना हा धोका दिसला होता. स्तोत्र अकराव्या श्लोकाशी संपले असते तर ह्या आक्षेपाला उत्तर देणे कठीण झाले असते. ते तेथे संपत नाही.

बाराव्या श्लोकात कवी एकाएकी स्वतःकडे वळतो: स्वतःच्या चुका कोणाला उमगतात? आणि जे दोष आपल्यापासून लपलेले आहेत, त्यांपासून मुक्त होण्याची तो याचना करतो. ह्या 'लपलेल्या' साठी त्याने 'निस्तारोत' हा शब्द वापरला आहे. सूर्याच्या उष्णतेपासून काहीही लपलेले नाही, हे सहाव्या श्लोकात सांगताना त्याने ह्याच धातूचा 'निस्तार' हा शब्द वापरला होता. पूर्वार्ध आणि उत्तरार्ध ह्यांना शिवणारा हा सर्वांत भक्कम टाका होय. जो सूर्य उत्सवमूर्ती म्हणून आला, त्याच्या प्रकाशाचा दुसरा अर्थ आता उघड होतो. सर्वत्र पोहोचणारे ऊन माझ्यातील अंधाऱ्या कोपऱ्यापर्यंतही पोहोचते. धातू सामान्य असल्यामुळे ही पुनरावृत्ती योगायोगाने झाली असेल, असे कोणी म्हणेल. परंतु एकटी ही पुनरावृत्ती नाही. दुसऱ्या आणि तिसऱ्या श्लोकांतील 'ओमेर', म्हणजे सृष्टीचे आवाज नसलेले बोलणे, आणि चौदाव्या श्लोकात कवी आपल्या तोंडच्या ज्या शब्दांना 'इम्रे' म्हणतो तेही एकाच धातूचे आहेत. काव्याच्या आरंभी एक, शेवटी एक, असे हे शब्द ठेवले आहेत. ह्याउलट तोरेसाठी योजलेले 'परिपूर्ण' हे विशेषण आणि तेराव्या श्लोकातील 'मी निर्दोष होईन' हे क्रियापद ह्यांचाही धातू एकच आहे. पण ते दोन्ही उत्तरार्धातलेच असल्यामुळे स्तोत्राच्या एकात्मतेचा पुरावा म्हणून त्यांचा उपयोग करू नये.

तेराव्या श्लोकात नकळत घडणाऱ्या दोषांनंतर उद्दामपणाचा उल्लेख येतो: उद्दामपणाने माझ्यावर सत्ता गाजवू नये, अशी ती प्रार्थना आहे. आज्ञांची गोडी कळलेल्या माणसाला पुढचा धोका अहंकाराचा आहे, हे कवीने ओळखले आहे. मग ह्या धोक्यावर उपाय काय? सूर्याला तो नाही, कारण सूर्य चुकत नाही. येथे मनुष्य सूर्यापासून वेगळा होतो. सूर्य बोलल्यावाचून आज्ञा पाळतो. मनुष्याला पाळण्यासाठी बोलावे लागते, चूक कबूल करावी लागते, मागणे मागावे लागते. म्हणून काव्याचा शेवट माझ्या तोंडचे शब्द आणि हृदयीचे चिंतन मान्य व्हावे, ह्या याचनेने होतो. आवाजाशिवायचे बोलणे, नाव सांगणारे बोलणे आणि उत्तर म्हणून आलेले माणसाचे बोलणे, अशा तीन पायऱ्या आता स्पष्ट दिसतात. पहिल्या दोन भागांना जोडणारा दुवा तिसऱ्या भागात सापडतो. ज्यांनी स्तोत्राचे दोनच भाग मोजले, त्यांना तो दिसला नाही, ह्यात नवल नाही.

७

काव्यातील हे नाते केवळ काव्यात राहिले असते तर त्याचे मोल मर्यादित ठरले असते. ते जगून दाखविल्याचे एक उदाहरण आपल्या कोकणातच आहे. बेने इस्राएल समाज शतकानुशतके कोकणपट्टीत मराठी बोलत राहिला. तेल गाळणे हा त्यातील अनेकांचा व्यवसाय होता आणि शेजाऱ्यांनी त्यांना 'शनवार तेली' हे नाव दिले, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. हिब्रू ग्रंथांशी आणि पंडितांशी संबंध जवळजवळ तुटला असतानाही शब्बाथाची आज्ञा त्यांच्याकडे टिकून राहिली, असे त्यांची परंपरा सांगते.

ही आज्ञा हिब्रू शास्त्रात दोनदा दोन कारणांनी आली आहे. निर्गम ग्रंथाच्या विसाव्या अध्यायात तिचे कारण सृष्टी आहे: सहा दिवसांत निर्मिती झाली आणि सातव्या दिवशी विसावा. अनुवाद ग्रंथाच्या पाचव्या अध्यायात तिचे कारण मुक्ती आहे: मिसर देशात तुम्ही दास होता. त्याच ठिकाणी दासदासींबरोबर बैल आणि गाढव ह्यांनाही विसावा सांगितला आहे. घाणा थांबला की घाण्याचा बैलही थांबतो. शुक्रवारचा सूर्य मावळला म्हणजे शब्बाथ लागतो. त्याची वेळ सूर्य सांगतो, आवाज न करता, आणि अर्थ आज्ञा सांगते. शेजाऱ्याला दिसला तो थांबलेला घाणा. त्याने त्या समाजाला नाव दिले ते त्याच्या धंद्यावरून आणि त्याच्या विश्रांतीच्या दिवसावरून. आज्ञा एखाद्या समाजाच्या अंगी इतकी मुरावी की, तिची भाषा न जाणणाऱ्यालाही ती नावासारखी वापरता यावी, ह्यापेक्षा 'वळण' ह्या शब्दाचा अधिक चांगला अर्थ सांगता येणार नाही.

सारांश, एकोणिसाव्या स्तोत्राची एकात्मता विषयाच्या सारखेपणावर अवलंबून नाही. ती एका क्रमावर उभी आहे. सृष्टीत कवीला मार्ग आणि आनंद एकजीव झालेले दिसतात. आज्ञांत त्याला तोच मार्ग नावानिशी आणि शब्दांत मिळतो. आणि स्वतःत डोकावल्यावर ते दोन्ही आपल्यात अजून एकजीव झालेले नाहीत, हे त्याला कळते. ॲडिसनप्रमाणे आकाशापाशी थांबणाऱ्याला आनंद मिळतो, वाट मिळत नाही. नियमांपासून आरंभ करणाऱ्याला वाट मिळते, पण ती धावत जावी असे वाटत नाही. शोकगीताच्या छंदात आज्ञांचा हर्ष का गायिला, ह्या प्रश्नालाही कदाचित येथेच उत्तर मिळेल. पुढची बाजू लांब आणि मागची आखूड, असा तो छंद प्रत्येक पंक्तीत थोडा अपुरा राहतो. ज्याच्या आज्ञा परिपूर्ण आहेत पण जो स्वतः अजून परिपूर्ण नाही, त्याच्या तोंडी हाच छंद शोभतो. ह्या स्तोत्राचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याने ते नेहमी शेवटच्या श्लोकापर्यंत वाचावे.